पाऊस झाला असावा

कऱ्हाडच्या आमच्या घराच्या गच्चीवरून आगाशिवाचा डोंगर दिसतो. संध्याकाळी वाळवण गोळा करायला आजी वर आली की आधी तिकडं बघायची, हातातलं सूप खाली ठेवायची आणि कुणी विचारलेलं नसताना सांगायची, ‘डोंगराच्या पलीकडं पाऊस झाला असावा.’ झाला, असं म्हणायची नाही. झाला असेल, असंही नाही. वाऱ्याला ओल्या मातीचा वास आणि माथ्यावर करडी झाक, एवढं हाताशी असलं की ‘झाला असावा’. हाताशी काहीच नसलं तर ‘झाला असेल बाई, मला काय ठाऊक’. शेजारच्या काकूंनी सांगितलेलं असलं तर ‘झाला म्हणे’. आणि संगमावर जाऊन कोयनेचं गढूळ पाणी स्वतः पाहून आली असेल तर ‘वर कुठंतरी झालेला दिसतोय’. पाऊस तोच. पण आपल्याला त्यातलं किती कळलंय आणि कुठून कळलंय, याचा चोख हिशेब ती क्रियापदात ठेवायची. चौथीपर्यंत शिकलेली बाई.

मी गेली काही वर्षं मराठीत विज्ञानाबद्दल लिहिते. थोडं ब्लॉगवर, थोडं वर्तमानपत्रांच्या पुरवण्यांत. शिक्षण सूक्ष्मजीवशास्त्राचं, नोकरी भलतीच, आणि हे लिखाण रात्री जेवणं उरकल्यावर. भेटणारे लोक हटकून एकच विचारतात, ‘मराठीत शब्द सापडतात का हो?’ शब्दांचं त्यांना फार ओझं वाटतं. मला नाही वाटत. शब्द सापडतात, नाही सापडले तर घडवता येतात, आणि घडवलेला पसंत पडला नाही तर लोक तो खुशाल टाकून इंग्रजी शब्द उचलतात. त्यातही काही बिघडत नाही. रेणू, जनुक, उत्क्रांती हे शब्द काही पेशवाईत कुणी रोज बोलत नव्हतं.

‘कृष्णविवर’चंच बघा. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेत त्याच नावाची एक कथा आली होती, लेखक नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं आणि मग उलगडलं, की जगताप नावाचं कुणी नाहीच. जयंत विष्णू नारळीकरांनी आपली आद्याक्षरं उलटी करून ते टोपणनाव घेतलं होतं, आणि हस्ताक्षरावरून कुणी ओळखू नये म्हणून कथा पत्नी मंगलाताईंच्या हातून उतरवून घेतली होती. त्या काळी हा शब्द किती घरांत माहीत असेल? आज राजकारणाच्या बातम्या लिहिणाराही ‘निधीचं कृष्णविवर’ बिनदिक्कत लिहितो आणि वाचणाऱ्याला कळतं. (त्या विवरातून निधी बाहेर येत नाही, एवढं शास्त्र तो अचूक पाळतो.)

तर शब्दाचं जमतं. अडतं ते क्रियापदापाशी.

हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तिसरीत होते. २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. शाळेतून आले तर आळीत गलका. गणपती दूध पितोय! सकाळी दिल्लीकडून निघालेली वार्ता संध्याकाळच्या आत आमच्या आळीत पोचली होती आणि मारुतीच्या देवळापर्यंत रांग लागली होती. काकू धावत आल्या, ‘अहो, पितोय! चमच्यातलं दूध संपतंय!’ आजीनं हातातली पोळी उलटली आणि विचारलं, ‘पितोय, का पितोय म्हणे?’

काकू जरा थबकल्या. त्यांनी स्वतः पाहिलेलं नव्हतं. त्यांना त्यांच्या जाऊबाईंनी सांगितलं होतं, जाऊबाईंना दूधवाल्यानं. दूधवाल्याला कुणी सांगितलं, हा तपास तिथंच थांबला. पण वाटेत कुठंतरी प्रत्येकानं एकेक ‘म्हणे’ गाळला होता, एवढं तिसरीतल्या मुलीलाही समजलं. रात्री वडिलांनी स्वयंपाकघरातला वरवंटा उभा केला, चमचाभर दूध घेतलं आणि चमच्याची कड दगडाला टेकवली. वरवंटाही प्यायला. दुधाची बारीकशी धार त्याच्या अंगावरून पाट्यावर उतरली होती. ओल्या काळ्या दगडावर ती पटकन दिसत नव्हती, इतकंच. पृष्ठताण आणि केशाकर्षण हे शब्द मी पुढे बऱ्याच वर्षांनी शिकले. दिल्लीच्या शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून तो ओघळ लोकांना दाखवला होता, हेही नंतरच वाचलं. आजीनं मात्र वरवंट्याला नमस्कार केला आणि म्हणाली, ‘चला, आज हा पण जेवला.’ तिची श्रद्धा होती तिथंच राहिली आणि काकूंच्या बातमीतला ‘म्हणे’ही जागेवर आला. तिला दोन्ही एकाच वेळी जमायचं. मला अजून नीट जमत नाही.

पंधरा वर्षांनी माझाच ‘म्हणे’ गळाला. डिसेंबर २०१०, पुण्यात एमएस्सी करत होते. नासानं आधी काही दिवस जाहीर करून ठेवलं होतं, की परग्रहावरच्या जीवसृष्टीच्या शोधावर परिणाम करणारा एक निष्कर्ष आम्ही सांगणार आहोत. हॉस्टेलमध्ये पैजा लागल्या. २ डिसेंबरला जे बाहेर आलं ते परग्रहावरचं नव्हतं, कॅलिफोर्नियातल्या मोनो लेक नावाच्या खारट, आर्सेनिकयुक्त सरोवरातलं होतं. तिथला एक जिवाणू, जीएफएजे-१, फॉस्फरसची वानवा असताना त्याच्या जागी चक्क आर्सेनिक वापरतो, अगदी डीएनएच्या कण्यातसुद्धा, असा दावा ‘सायन्स’ या नियतकालिकात फेलिसा वुल्फ-सायमन आणि सहकाऱ्यांनी केला होता. सूक्ष्मजीवशास्त्राच्या विद्यार्थिनीला यापेक्षा मोठी मेजवानी कोणती? मी त्या रात्री फेसबुकवर लिहून टाकलं, ‘डीएनएमध्ये आर्सेनिक असलेला जीव सापडला आहे!’ उद्गारचिन्हासकट. खाली बरेच अंगठे मिळाले.

दोन दिवसांनी, ४ डिसेंबरला, व्हँकूव्हरच्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातल्या रोझी रेडफील्ड या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ बाईंनी आपल्या ब्लॉगवर एक टिपण टाकलं. तो ब्लॉग म्हणजे त्यांच्या प्रयोगशाळेची जाहीर वहीच होती, रोज काय केलं आणि काय फसलं ते लिहायची. शोधनिबंध वाचताना त्यांना जे जे खटकलं ते त्यांनी ओळीनं मांडलं होतं. डीएनए पुरेसा धुऊन शुद्ध केलेला नाही, मग मोजलेलं आर्सेनिक डीएनएमध्येच आहे हे कशावरून? ज्या द्रावात जिवाणू वाढवले त्यातल्या क्षारांमध्ये फॉस्फेटचा अंश आधीपासूनच होता. थोडक्यात भागवणाऱ्या जिवाणूला तेवढाही पुरत असावा. हे सगळं मला कळण्यासारखं होतं. डीएनए धुण्याच्या त्या पायऱ्या मी त्याच आठवड्यात प्रॅक्टिकलला केल्या होत्या. पण माझ्या डोक्यात प्रश्न आला नव्हता, कारण बातमीत ‘आहे’ होतं आणि मी ते जसंच्या तसं पुढं ढकललं होतं.

नासाकडून तेव्हा सांगण्यात आलं, की असले वाद ब्लॉगवर नव्हे, शास्त्रीय नियतकालिकांतून व्हावेत. मजा म्हणजे तसंच झालं. ‘सायन्स’नं २०११ मध्ये त्या निबंधावरचे आठ आक्षेप छापले. रेडफील्डबाईंनी तोच जिवाणू मागवून प्रयोग पुन्हा केले आणि त्यांचा चढउतार ब्लॉगवर लिहीत राहिल्या. २०१२ मध्ये त्यांचा आणि झुरिकच्या एका गटाचा, असे दोन निबंध ‘सायन्स’मध्येच आले. हा जिवाणू आर्सेनिक सोसतो खरा, पण जगायला त्याला फॉस्फरसच लागतो. मूळ निबंध मात्र नियतकालिकानं मागं घेतला तो थेट जुलै २०२५ मध्ये, आणि मूळ लेखकांना तो निर्णय तेव्हाही मान्य नव्हता. ‘आहे’ म्हणायला एक पत्रकार परिषद पुरली. ‘नाही’ छापून यायला दीड वर्ष गेलं आणि मूळ ‘आहे’ खोडायला जवळपास पंधरा वर्षं.

माझी ती पोस्ट मी काढली नाही. खाली एक ओळ जोडली, ‘असल्याचा दावा आहे, असं लिहायला हवं होतं.’ त्या ओळीला दोन अंगठे मिळाले, त्यातला एक खोलीतल्या मैत्रिणीचा. माझं लिखाण तिथून सुरू झालं असं म्हणायला हरकत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हे सगळं लिहायला बसले तिच्याकडं येते. ती आमच्या घरची आहे, आणि मला ती धड लिहिता आली नाही.

११ डिसेंबर १९६७ ची पहाट. आजी तेव्हा बत्तीस-तेहेतीस वर्षांची, वडील दुसरी-तिसरीत. ‘आधी आवाज आला,’ ती सांगायची. ‘घराच्या खालनं आगगाडी गेल्यावानी. मग फडताळातली भांडी. मग तांब्याची घागर आपली आपण चालत उंबऱ्यापर्यंत आली.’ घागर चालत आली, हे ती दर वेळी सांगायची आणि दर वेळी आम्हाला हसू यायचं. कोयनानगर भागात त्या पहाटे सुमारे २०० माणसं गेली. शास्त्रज्ञांच्या नोंदींत तो भूकंप ६.३ रिश्टरचा आहे. आमच्या घरचे लोक पुढं कित्येक दिवस अंगणात झोपले, डिसेंबरच्या थंडीत, गोधड्यांवर गोधड्या घेऊन.

तोवर दख्खनचं पठार म्हणजे पृथ्वीवरच्या सगळ्यात शांत, मुरलेल्या जमिनींपैकी एक मानलं जायचं. इथं एवढा भूकंप का व्हावा? नवं होतं ते एकच: हेळवाकजवळचं कोयना धरण. १९६२ च्या सुमारास त्याच्या जलाशयात, शिवसागरात, पाणी साठू लागलं आणि त्याच्या पाठोपाठ बारीक हादरे जाणवू लागले. काही जाणकार सुरुवातीला म्हणाले, योगायोग. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. पण पुढं वर्षानुवर्षांच्या नोंदी जमत गेल्या, तसा कावळ्यावरचा संशय बळावला. पावसाळ्यात धरण भरत आलं की हादरे वाढतात, आणि हिवाळ्यात पाणी उतरू लागलं की पुन्हा एकदा वाढतात. १९८५ च्या सुमारास दक्षिणेला वारणेचं धरण भरू लागलं तसे हादरे तिकडंही सरकले. पाच रिश्टरच्या वरचे वीसहून अधिक भूकंप, आणि तेही जेमतेम वीस किलोमीटर रुंद नि तीस किलोमीटर लांब पट्ट्यात. जलाशयाशी जोडलेल्या भूकंपांचा अभ्यास करायला जगात यापेक्षा चांगली जागा नाही, असं भूकंपशास्त्रज्ञ म्हणतात. पाटण तालुक्यातल्या माणसानं हे कौतुक म्हणून घ्यावं की काय, हे त्याचं त्यानं ठरवावं.

मग धरणामुळं भूकंप होतो का? इथं माझी पंचाईत होते. जमिनीच्या पोटातला ताण धरणानं निर्माण केलेला नाही. तो आधीपासून होता, फार मोठ्या काळापासून साठत आलेला. पाण्याचा भार, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे खडकाच्या भेगांतून खोल उतरलेल्या पाण्याचा दाब, यांनी भेगेच्या दोन्ही बाजू एकमेकींना धरून होत्या ती पकड सैल केली. आमच्याकडं गळिताच्या दिवसांत उसानं गच्च भरलेली ट्रॉली चढावर उभी दिसते. ट्रॅक्टर सोडून नेलेला, चाकांखाली दगड. कुणी तिथून पाटाचं पाणी सोडलं, दगडाखालची माती भिजली, दगड सरकला आणि ट्रॉली सुटली, तर दोष पाण्याचा की उसाच्या भाराचा? पाणी नसतं तर ती त्या दिवशी सुटली नसती. पण ऊस काही पाण्यानं भरला नव्हता.

इंग्रजीत याला जो शब्द आहे, ‘ट्रिगर’, त्यात बंदुकीचा चाप आहे. मी बरेच दिवस ‘चाप’ घेऊन अडखळत होते आणि उत्तर आजीच्या बोलण्यात रोज होतं. कुणी गेलं की ती म्हणायची, ‘तापाचं निमित्त झालं.’ कारण वेगळं आणि निमित्त वेगळं, हे आपल्याकडं दहाव्याला आलेल्या माणसालाही समजावून सांगावं लागत नाही. धरण हे कोयनेच्या भूकंपांचं निमित्त आहे. एवढं एक वाक्य लिहायला मला चार वर्षं लागली.

कऱ्हाडजवळ हजारमाचीला केंद्र सरकारच्या भूविज्ञान मंत्रालयाची एक प्रयोगशाळा आहे. भूकंप जिथं जन्मतो तिथंच जाऊन बघायचं, म्हणून जमिनीत खोल छिद्रं घ्यायची, हे तिचं काम. त्यातलं एक गोठण्याजवळ, २०१७ मध्ये तीन किलोमीटरपर्यंत गेलं. वरचा हजार-बाराशे मीटरचा काळा कातळ, म्हणजे आपल्या सह्याद्रीचा नेहमीचा बेसाल्ट, ओलांडला की खाली ग्रॅनाइट लागतो. तो बेसाल्टच्या कितीतरी आधीचा. आपण ज्याला डोंगर म्हणतो तो एका फार जुन्या जमिनीवर टाकलेलं पांघरूण आहे, हे डोक्यानं माहीत असणं वेगळं आणि खालून वर आलेली ती गुलाबी-करडी दगडी कांडी बघणं वेगळं.

त्यावर मी एका वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी लेख लिहिला. त्यात काळजीपूर्वक लिहिलं होतं, की या छिद्रांत उपकरणं ठेवून भूकंपाच्या आधी, चालू असताना आणि नंतर खडकात काय होतं ते टिपता येईल. त्यातून कधीतरी पूर्वसूचनेकडं जाता येईल का, हे आज कुणी सांगू शकत नाही. रविवारी सकाळी वडिलांचा फोन आला. ‘अगं, तुझा लेख आलाय. आता भूकंप आधी कळणार का?’ मथळा होता: ‘कोयनेचा भूकंप आता आधीच कळणार!’

मी उपसंपादकांना फोन केला. माणूस सज्जन, आवाज दमलेला, रविवारीही कामावर. ते म्हणाले, ‘मॅडम, आतला मजकूर मी एका अक्षरानं बदललेला नाही. पण मथळ्यात “कदाचित” घातलं तर कोण वाचणार? “असावा”वर कुणी क्लिक करत नाही.’ मी तणतणले. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, की ते खोटं बोलत नव्हते. माझ्या ब्लॉगवर सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख तोच आहे, ज्याच्या शीर्षकात मी स्वतः हातानं उद्गारचिन्ह दिलं होतं.

‘असावा’ हरतो, हे २०२० च्या मार्चमध्ये फार जवळून पाहिलं. जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी नातेवाइकांच्या ग्रुपवर संदेश फिरत होता, की विषाणू बारा तासच जगतो, आपण चौदा तास घरात बसलो की साखळी तुटते. काय नेटकं गणित! त्यावर मी लांबलचक लिहिलं, की पृष्ठभाग कोणता यावर ते अवलंबून आहे, शिवाय लागण झालेल्या माणसाच्या शरीरात विषाणू कितीतरी जास्त दिवस राहतो, आणि अजून बरंच कळायचं आहे. मामांनी उत्तर दिलं, ‘म्हणजे तुम्हा लोकांना नक्की काही माहीत नाही तर!’ आणि खाली हात जोडल्याचं चित्र.

मामांचं थोडं बरोबर होतं. आम्ही लिहिणारे कधी कधी ‘असू शकते’च्या आडोशाला लपतो. सगळ्याच वाक्यांना शंकेची झालर लावली की आपण चुकत नाही, आणि काही सांगतही नाही. ‘पृथ्वी सूर्याभोवती फिरत असावी’ हा प्रामाणिकपणा नव्हे. काही ‘आहे’ कमावलेले असतात आणि ते खणखणीत म्हणायला हवेत. १४ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेतल्या लायगोच्या दोन वेधशाळांत गुरुत्वीय लहरींची, म्हणजे अवकाशालाच ताणत-दाबत जाणाऱ्या लहरींची, पहिली नोंद उमटली. वेधशाळेच्या चार किलोमीटर लांब बाहूच्या लांबीत प्रोटॉनच्या शंभराव्या भागाहूनही कमी फरक. ती नोंद जगाला लगेच सांगितली नाही. पाच महिने उलटतपासणी चालली: यंत्र चुकलं का, कुणी खोटा संदेश घुसवला का, योगायोग असेल तर तो किती वर्षांतून एकदा घडेल? हिशेब आला, दोन लाखांहून अधिक वर्षांतून एकदा. मग ११ फेब्रुवारी २०१६ ला ‘सापडल्या’ म्हणाले, आणि त्यात कुठं ‘बहुधा’ नव्हता. तसलीच वेधशाळा आता आपल्या हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ होते आहे. तिथल्या एखाद्या आजीला हे कसं सांगायचं, याच्या कल्पना मी अधूनमधून करत असते.

नारळीकरांकडं ही तोलाची जाण होती असं मला वाटतं. विश्वाच्या जन्माबद्दल त्यांचं मत जगभरातल्या बहुसंख्य खगोलशास्त्रज्ञांहून वेगळं होतं. महास्फोट त्यांना पटला नाही, अखेरपर्यंत नाही. ही गोष्ट त्यांनी लपवली नाही. मुलं स्वाक्षरी मागायला आली तर ते म्हणायचे, स्वाक्षरी देणार नाही. पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. माझ्या वर्गातल्या एका मुलीकडं तसं एक कार्ड होतं. तिनं ते प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी कंपासपेटीत ठेवलेली, आणि आम्हाला ते फक्त लांबून बघायला मिळायचं. तिनं काय विचारलं होतं ते मी विसरले. उत्तराची सुरुवात मात्र लक्षात आहे, कारण ती वाचून आमचा विरस झाला होता: प्रश्न चांगला आहे, पण याचं पक्कं उत्तर अजून मिळालेलं नाही. एवढे मोठे शास्त्रज्ञ, आणि त्यांनाही येत नाही?

त्या मथळ्यानंतरच्या गणेशोत्सवात पाटण तालुक्यातल्या एका गावच्या मंडळानं मला बोलावलं. मथळा वाचूनच बोलावलं होतं हे उघड होतं. फलकावर ‘भूकंपाची पूर्वसूचना’ असंच रंगवलेलं. शाळेच्या पडवीत सत्तर-ऐंशी माणसं, पुढं मुलं, मागं बायका, बाहेर पावसाची रिपरिप. मी ट्रॉली सांगितली, दगड सांगितला. ‘निमित्त’ म्हटल्यावर बायकांच्या माना हलल्या तेव्हा मला फार बरं वाटलं. ग्रॅनाइटचा तुकडा फिरवला. मुलांनी तो हुंगून पाहिला.

मग बाजूला भिंतीला टेकून बसलेले एक आजोबा उठले. पांढरी टोपी, हातात छत्री. ‘ताई, धरण भरलं की हलतं, हे आम्हाला ठाऊक हाय. आमच्या डोळ्यादेखत भरलं ते. कधी हलणार तेवढं सांगा.’

‘ते सांगता येत नाही,’ मी म्हणाले.

‘अंदाजे?’

‘अंदाजेसुद्धा नाही. कुठल्या महिन्यांत जास्त हादरे बसतात ते सांगता येतं, ते तुम्हाला माझ्याहून जास्त माहीत आहे. कुठल्या दिवशी, किती मोठा, हे आज जगात कुणालाच सांगता येत नाही.’

मागून एक तरुण आवाज आला, ‘मग तुम्ही आलाय कशाला?’ सगळे हसले. मीही हसले, कारण दुसरं काय करणार? पावसाचा आवाज मोठा झाला. मंडळाचे अध्यक्ष नारळ हातात घेऊन घुटमळत उभे.

आजोबा मात्र बसले नव्हते. ‘पेपरात तर आधी कळणार असं लिव्हलंय.’

‘ते चूक आहे. माझ्या नावाखाली छापलंय, पण चूक आहे.’

‘बरं,’ ते म्हणाले आणि छत्री भिंतीला टेकवून खाली बसले. त्या ‘बरं’चा अर्थ मला तेव्हा लागला नाही. निघताना त्यांनी मला बाजूला घेतलं आणि हादऱ्यांचे प्रकार सांगितले. नुसता गडगडाट होतो आणि हलत काही नाही, तो एक. भांडी वाजतात तो एक. कौलं सरकतात तो एक. माणूस झोपेतनं उठून बसतो आणि मग त्याला कळतं की आपण का उठलो, तो एक. मी म्हटलं, हे सगळं लिहून ठेवा, तारीख-वेळ घालून. सहज बोलले. असं आपण पुष्कळांना सांगतो.

पुढच्या उन्हाळ्यात दुसऱ्या कामासाठी त्या बाजूला गेले होते. आजोबांच्या घरी चहा झाला. त्यांनी नातवाला हाक मारली आणि फडताळातून एक शंभर पानी वही आणवली. वरती ‘श्री’, खाली समास आखलेला, मुलाच्या अक्षरात आणि त्यांच्या अक्षरात आलटून पालटून नोंदी. ‘३ तारीख, पहाटे, भांडी.’ ‘११, रात्री जेवताना, नुसता आवाज.’ ‘१९, दुपारी, कौलं दोन सरकली, कुत्री भुंकली.’ पानंच्या पानं. मी चाळत गेले. एका पानावर त्यांच्या स्वतःच्या थरथरत्या अक्षरात होतं: ‘२४, रात्री साडेनऊ, खिडकी वाजली. ट्रक असावा.’

‘ट्रक होता तर मग लिहिलंत कशाला?’ मी विचारलं.

‘ट्रक बघितला न्हाई ना,’ आजोबा म्हणाले. ‘नुसती खिडकी वाजली.’